दात कोरून पोट भरत नाही, पण...



गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या विलेपार्ल्याच्या नेहरूनगरात रविवारची वंदना आटोपल्यावर दहा-पंधरा बायका चहाला बसल्या होत्या. चहाबरोबर बिस्किटे होती. बोलता बोलता एका सूनबाईने केसातली पिन काढली, तोंडापुढे पदर धरला आणि दाढेत अडकलेले बिस्कीट ती कोरू लागली. मी म्हटले, "अगं, पिनेने नको कोरूस, हिरडीला लागेल." तर शेजारच्या मावशी हसल्या. म्हणाल्या, "कोरू दे गं तिला. आमच्या वेळेला कोरायला दात तरी कुठं राहिले? दोन पोरं झाली नि पुढचे हलायला लागले. पन्नाशीला सगळं तोंड मोकळं."

मग एकेकीने आपला हिशेब सांगितला. कुणाचे वरचे चार गेले, कुणाला खालची कवळी, कुणी भाकरी दुधात कुस्करून खाते. मी मुद्दाम विचारले, दुखत होते का? बहुतेकींचे उत्तर एकच. दुखले असे नाही. आधी रक्त यायचे, मग दात लांब दिसायला लागले, मग हलले आणि गेले. वय झाले की जायचेच, असे म्हणून सगळ्यांनी चहा संपवला.

वय झाले की दात जातात, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की माझी आई बेचाळिसाव्या वर्षी बोळकी झाली तेव्हा आम्हा भावंडांना त्यात काही वावगे वाटले नव्हते. बेचाळीस म्हणजे काय वय झाले? आज मी त्याच्या पुढे गेले आहे. दात वयाने जात नाहीत. हिरड्यांच्या रोगाने जातात, आणि तो रोग न दुखता येतो. ज्याला कीड लागते तो दात ठणकतो, रात्रभर झोपू देत नाही, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. हिरडी मात्र नुसते थोडे रक्त दाखवते आणि गप्प बसते.

हे कसे होते ते नीट समजून घेऊ. दात म्हणजे एक छोटी पेटी समजा. मुळाकडची बाजू हिरडीत रुतलेली. उरल्या पाच बाजू : एक ओठ-गालाकडची, एक जिभेकडची, एक चावायची, आणि दोन बाजू शेजारच्या दातांना लागून. आपण ब्रशने घासतो त्या पहिल्या तीन. उरलेल्या दोन बाजूंना ब्रशचे केस पोहोचतच नाहीत. आपल्या वस्तीत दोन घरांच्या मध्ये जी चिंचोळी घरगल्ली असते ना, तसेच हे आहे. दोन्ही घरच्या बायका आपापला उंबरा लख्ख झाडतात, पण मधल्या गल्लीत कुणाचा झाडू जात नाही. डास आणि घुशी तिथेच होतात.

त्या फटीत आणि हिरडीच्या काठाला जंतूंचा एक चिकट, पांढुरका थर बसतो. सकाळी उठल्यावर दातावरून नख ओढले तर नखात येतो तोच. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. तो रोज पुसला तर काही बिघडत नाही. राहिला तर लाळेतल्या क्षारांनी दोन-तीन दिवसांतच घट्ट व्हायला लागतो आणि पुढे दगडासारखा होतो. त्याला आपल्याकडे किटण असा चांगला शब्द आहे, डॉक्टर टार्टर म्हणतील. किटण ब्रशने निघत नाही, मंजनाने नाही, दोऱ्यानेही नाही. त्याच्या खरखरीत अंगावर आणखी जंतू बसतात, हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येते. याला जिंजिव्हायटिस म्हणतात. इथपर्यंत सगळे परत फिरवता येते, हिरडी पुन्हा पहिल्यासारखी होते. त्याच्या पुढे गेले की ज्या हाडात दात रोवलेला आहे ते हाडच झिजू लागते. लोक त्याला पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड आपणहून भरून येत नाही. म्हणून रक्त दिसेल तो दिवस महत्त्वाचा, दात हलेल तो नव्हे.

आणि रक्त दिसले की आपण काय करतो? त्या जागी घासायचेच सोडून देतो! मीही वर्षानुवर्षे तेच केले.

पार्ल्याच्या माणसाला बिस्किटाचे महत्त्व सांगायला नको. इथे १९२९ साली गोळ्या-मिठाईचा कारखाना निघाला, १९३९ पासून त्यात बिस्किटे होऊ लागली आणि २०१६ साली तो बंद होईपर्यंत पार्ले स्टेशनात गाडी शिरली की भाजत्या बिस्किटांचा वास डब्यात यायचा. आमच्या दोन पिढ्यांची न्याहारी चहा-बिस्किटावर झाली. दोष बिस्किटाचा नाही. पण ते दातात किती राहते याचा आपला अंदाज चुकतो. आपल्याला वाटते चिक्की, गोळी, टॉफी चिकटते आणि बिस्कीट विरघळून जाते. १९९१ साली अमेरिकेत याची तपासणी झाली, तेव्हा उलटेच दिसले. टॉफीसारखे पदार्थ लाळेत लवकर धुपून जातात. बिस्किटे, वेफर्स यांचा पिठूळ लगदा मात्र दाढांच्या फटीत रेंगाळतो. फटीतले जंतू त्यातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच पोखरते. एकदा गोड खाल्ले की हा मारा अर्धा-पाऊण तास तरी चालतो. दिवसातून पाचदा चहा-बिस्कीट घेतले तर पाच मारे. बिस्कीट खायचेच तर जेवणाबरोबर खा आणि वर खळखळून चूळ भरा, एवढे तरी होण्यासारखे आहे.

आता दोऱ्याकडे येते. फ्लॉस म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा खास दोरा. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सच्या लेव्ही स्पिअर पार्म्ली नावाच्या दंतवैद्याने १८१९ साली पुस्तक लिहून मेण लावलेला रेशमी दोरा दातांतून फिरवायला सांगितले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशीम महाग झाले आणि दोरा नायलॉनचा झाला. आज तो मेडिकलच्या दुकानात छोट्या डबीत मिळतो.

वापरायची रीत अशी. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे जुन्या मापाने एक हातभर दोरा तोडायचा. त्याची दोन्ही टोके दोन हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायची. अंगठा आणि तर्जनीत मधला इंचभर भाग ताणून धरायचा. तो दोन दातांच्या मध्ये करवतीसारखा हलके मागेपुढे करत उतरवायचा. जोराने खाली आपटायचा नाही, हिरडी कापते. आत गेल्यावर एका दाताला चंद्रकोरीसारखा वेढा द्यायचा, हिरडीच्या काठाखाली किंचित सरकवायचा आणि खालीवर चार-पाच वेळा दात पुसायचा. मग त्याच फटीतल्या दुसऱ्या दाताला तसेच. पुढच्या फटीला दोऱ्याचा कोरा भाग घ्यायचा. शेवटच्या दाढेची मागची बाजूही पुसायची, ती बहुतेक जण विसरतात. हे काम दिवसातून एकदा आणि शक्यतो रात्री, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना रान मोकळे मिळते.

पहिले दोन-चार दिवस रक्त येईल. घाबरून सोडू नका, हिरडी आधीच सुजलेली असते म्हणून ते येते. रोज केले तर आठ-दहा दिवसांत थांबते. पंधरा दिवसांनीही थांबले नाही तर आत किटण आहे असे समजा आणि दाखवा. शिलाईचा दोरा वापरू नका, तो तुटून आत अडकतो. पिन, काडेपेटीची काडी, सुई यांचे तर नावच नको. ज्यांच्या हिरड्या खाली गेल्या आहेत आणि फटी रुंद झाल्या आहेत त्यांना दोऱ्यापेक्षा बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा फटीचा ब्रश जास्त बरा. कोणत्या मापाचा घ्यायचा ते डॉक्टरला विचारा.

खर्चाचे म्हणाल तर पन्नास मीटरच्या डबीत हातभर लांबीचे शंभराहून जास्त तुकडे निघतात. एका माणसाला साडेतीन महिने. घरात चार माणसे असली तर महिन्याला एक डबी लागेल. हे सगळ्यांना जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून एक गोष्ट प्रांजळपणे सांगते. २०१६ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दोऱ्याच्या फायद्याचा पुरावा किती कच्चा आहे हे छापले, तेव्हा बराच गदारोळ झाला. पुढे २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या ब्रशपेक्षा ब्रश आणि दोरा, किंवा ब्रश आणि फटीचा ब्रश, यांनी हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, पण पुरावा भक्कम म्हणण्यासारखा नाही, असे त्यांना आढळले. कीड थांबते का, हे सांगायला तर पुरेसे दिवस चाललेले अभ्यासच नव्हते. माझे मत विचाराल तर ज्या घरात एकाच गोष्टीला पैसे आहेत, त्यांनी आधी प्रत्येकाला मऊ केसांचा स्वतंत्र ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट घ्यावी आणि दोन वेळा घासावे. हो, प्रत्येकाला स्वतंत्र! एका घरात तिघांचा एक ब्रश मी आजही पाहते. दोरा त्याच्या नंतरचा. ज्याच्या हिरडीतून रक्त येते त्याला तो आधी.

मधुमेह असलेल्यांनी मात्र हयगय करू नये. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर ताब्यात ठेवणे कठीण होते. गरोदरपणातही शरीरातल्या बदलांमुळे हिरड्या लवकर सुजतात. आमच्या मावशी म्हणतात तसे 'पोरं झाली नि दात गेले' ते यामुळे. पोर दात घेऊन जात नाही. सुजलेल्या हिरडीकडे त्या नऊ महिन्यांत आणि पुढे बाळाच्या धावपळीत कुणी पाहिलेले नसते.

तोंडाच्या स्वच्छतेची गोष्ट आपल्याला परकी नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दन्तकट्ठाची, म्हणजे दातवणाची हकिगत आहे. भिक्खू दातवण करीत नव्हते, तोंडाला वास येऊ लागला, तेव्हा भगवंतांनी दातवण न करण्याचे पाच तोटे सांगून त्याची अनुज्ञा दिली. पुढची हकिगत गमतीची आहे. काही भिक्खू लांबच लांब काड्या वापरू लागले आणि त्यांनीच सामणेरांना मारू लागले. मग नियम झाला, काडी आठ बोटांहून लांब नको. त्यावर एकाने इतकी आखूड घेतली की ती घशात अडकली. मग आणखी नियम, चार बोटांहून आखूडही नको. सातव्या शतकात नालंदेला राहून गेलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूनेही रोज सकाळी दातवण करून जीभ खरवडण्याची रीत लिहून ठेवली आहे. बाभळीची, कडुनिंबाची काडी चावून मऊ केलेला कुंचा आमच्या गावाकडची माणसे अजून वापरतात. ती वाईट नाही. राखुंडी, कोळसा आणि विटेची भुकटी मात्र कवच घासून टाकते. दात आधी पांढरे दिसतात आणि मग थंड पाण्यानेही शिवशिवतात.

मशेरीबद्दल लिहिले नाही तर हा लेख खोटा ठरेल. कुणी मिश्री म्हणते, कुणी मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावत बसायचे. आमच्या बायका तिला दात घासणे म्हणतात. ती तंबाखू आहे. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके चालत नाही, हे व्यसनाचेच लक्षण. हिरडी दुखत असली तर तेवढ्यापुरती बधिर होते, म्हणून औषध वाटते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, एखादी जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर दाताच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात जा. सोडायचे मनात असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्या भावांसाठी एक वेगळे सांगते. तुमच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून त्या चांगल्या आहेत असे समजू नका. धुरामुळे रक्त दिसत नाही, आणि रोग आत चालूच असतो.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण हा लेख लिहायला मी बसले ती त्यासाठीच. बऱ्याच वर्षांपूर्वी खालची उजवी दाढ दुखत होती म्हणून मी एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी आरशाने पाहिले आणि विचारले, "स्केलिंग कधी केलंय का?" मला वाटले विचारताहेत कसले तरी औषध घेतले का. मी मान हलवली. मग म्हणाले, "आर. सी. टी. करायची की एक्स्ट्रॅक्शन?" मागे रांग होती, कामावर खाडा पडला होता, आणि 'मला समजले नाही' म्हणायची लाज वाटली. मी म्हटले, "काय ते करा." दाढ काढली. ती वाचण्यासारखी होती हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळले. आज त्या बाजूने चावता येत नाही, वरची दाढ खाली उतरली आहे आणि शेजारची त्या रिकाम्या जागेत कलली आहे. त्या डॉक्टरांचा मला राग नाही. त्यांनी विचारले होते. प्रश्न माझ्या भाषेत नव्हता, आणि मी तो परत विचारला नाही.

म्हणून हे शब्द घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. स्केलिंग म्हणजे यंत्राने किटण काढणे. कॅव्हिटी म्हणजे किडीने पडलेला खड्डा, फिलिंग म्हणजे तो बुजवणे, ज्याला आपण चांदी किंवा सिमेंट भरणे म्हणतो. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली तर रूट कॅनाल, तीच आर. सी. टी. : आतली सडलेली नस साफ करून मुळे भरून घेतात आणि दात जागेवर राहतो. वर टोपी बसवतात, ती कॅप. एक्स्ट्रॅक्शन म्हणजे दात काढणे, आणि काढलेला दात परत येत नाही. खुर्चीत बसल्यावर एवढेच विचारा : "डॉक्टर, हा दात वाचेल का? वाचवायला किती खेपा आणि किती खर्च?" उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा. मागची रांग थांबते.

स्केलिंगबद्दल आपल्याकडे एक भीती फार आहे, की दात साफ करून घेतले की हलायला लागतात. आमच्या मावशींनीही तेच ऐकवले, "माझ्या जावेनं साफ करून घेतले नि महिन्यात दोन पडले." यात खोटे कुणीच बोलत नाही, पण कारण उलटे आहे. हाड आधीच झिजलेले असते, हिरडी खाली गेलेली असते आणि दात केवळ किटणाच्या लिंपणावर उभे असतात. पोकळ भिंतीचे पोपडे काढले की भिंत हलताना दिसते. पोपड्यांनी तिला धरून ठेवले होते हे खरे, पण आत ओल तेच ठेवत होते. वेळेत किटण काढले तर हाड झिजतच नाही. फटी दिसू लागतात त्याही नव्या नसतात, किटणाने भरलेल्या असतात. आणि वरची दाढ काढली की नजर जाते, ही तर निव्वळ समजूत. दाताची नस आणि डोळ्याने पाहायची नस वेगळी.

खाजगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल त्यांच्यासाठी मुंबईत दोन जागा आहेत. महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून मुंबई सेंट्रलला आहे. पार्ल्याहून चर्चगेटची धिमी गाडी पकडली की स्टेशनातून चालत जाता येते. सरकारी दंत महाविद्यालय सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात, हार्बरच्या गाडीने सीएसएमटीला उतरले की जवळच. दोन्हीकडे शिकणारे विद्यार्थी आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ लागतो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, खेपा घालायची तयारी ठेवा आणि जुने कागद बरोबर न्या.

परवाच्या रविवारी मी दोऱ्याची एक डबी घेऊन गेले आणि सगळ्यांना हातभर तुकडा दिला. पिनवाल्या सूनबाईने आरशापुढे उभे राहून पहिल्यांदाच केले. रक्त आले, जरा दचकली, पण पूर्ण केले. मावशी तुकडा बोटाला गुंडाळून बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या पाच दातांना फटी किती नि दोरा किती! मी आपली ही नातीला देते." मी म्हटले, "मावशी, पाच आहेत ते पाच ठेवा. कवळी अडकवायला तेच लागतात." त्यांनी तुकडा पदराच्या गाठीला बांधला.

त्यांची नात सहा वर्षांची आहे. दुधाच्या दातांच्या मागे तिला नवी दाढ आली आहे आणि घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची आहे. मुलांच्या दातांविषयी चार पत्रे आली आहेत, त्यांची उत्तरे पुढच्या अंकात.